आवडतं वाहिलं त्या वर्षी

दुपारी डोळा लागला की मला अजून तो खटका ऐकू येतो. हातमागाचा. आधी एक खट, मग जरा थांबून खटखट, आणि मध्येच हमीदचाचांचं खाकरणं. औरंगपुऱ्यामागच्या आमच्या बोळात आमचं आणि त्यांचं घर इतकं समोरासमोर होतं की आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की तिकडे चाचांची बायको, म्हणजे आमच्या खाला, शिंकायच्या. बोळातून बैल आला तर माणसाने ज्याचा सापडेल त्याच्या ओट्यावर चढून उभं राहायचं, असा रिवाज होता. आता मी राहते तिथे खाली गाड्यांचे भोंगे आणि वर पंख्याची घरघर, हातमाग कुठून येणार? तरी अर्धवट झोपेत तो येतो. मग मी मुद्दाम डोळे उघडत नाही. उघडले की तो थांबतो, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलेलं आहे. सून म्हणते, "आई, जाग्या आहात ना? चहा थंड झाला." मी म्हणते, होऊ दे.

आमच्या घरात आप्पा, आई, आप्पांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, मी आणि धाकटा बंडू. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आप्पा अदालतीत होते आणि साक्षीदारांना शपथ देणं हे त्यांच्या कामांपैकी एक काम होतं. पूर्वी निजामाच्या राज्यात ते उर्दूत शपथ द्यायचे, पोलीस ॲक्शननंतर मराठीत द्यायला लागले. शपथ बदलली तरी खोटं बोलणारे तेच राहिले, असं ते म्हणायचे. रोज संध्याकाळी घरी आले की कोट खुंटीला, टोपी कोटावर, हातपाय धुवायचे आणि आईला सांगायचे, "आज पुन्हा एकाने देवाला स्मरून देवालाच फसवलं." दुसऱ्या कोणाला ही थट्टा वाटली असती. आप्पांना मात्र खरंच त्रास व्हायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या खोट्या शपथा ऐकून ऐकून या माणसाच्या मनात शब्दाची एक भीतीच बसली होती. जेवताना येसराच्या आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता ते मध्येच थांबायचे, आणि आई ओळखायची की कोणत्या तरी साक्षीदाराची आठवण झाली.

पण जेवणाच्या आधी त्यांचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा, आणि त्याशिवाय त्यांचा दिवस मावळायचा नाही. समोरच्या ओट्यावरून हाक यायची, "आजा दत्तू, चाय ठंडी होरी." आप्पांना दत्तू म्हणणारं त्या शहरात एकच माणूस उरलं होतं. दोघं लहानपणी एका मदरशात, म्हणजे उर्दू शाळेत, एका फळीवर बसून शिकलेले. आप्पा बोळ ओलांडून जायचे. खालांच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आप्पांचा एक पितळी पेला वेगळा ठेवलेला होता, आतून कल्हई केलेला. आत्याच्या समाधानासाठी असं ठरलेलं होतं की आमची दूधवाली कोंडाबाई तो चहा करते आणि पेलाही तीच राखेने घासते. कोंडाबाई सकाळी दूध घालून पिशोरच्या भाच्याकडे नाहीतर कुठे कुठे निघून गेलेली असायची, आणि चहा संध्याकाळी व्हायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. पेला वेगळा होता एवढ्यावर धर्म निभावला. ते दोघं चहा पीत फार बोलायचेही नाहीत. जामा मशिदीच्या बाजूने अजान यायची, आकाशात कबुतरांचा एक थवा उगाच गोल फिरायचा, नहरीच्या पाण्याने शिंपडलेल्या बोळातून ओल्या मातीचा वास वर यायचा, आणि ते दोघं ओट्यावर पाय सोडून बसलेले. मी आमच्या उंबऱ्यात बसून बघायची. माझ्या लहानपणाचं चित्र काढा म्हटलं तर मी तेवढंच काढीन.

रझाकारांच्या दिवसांत हमीदचाचांनी आपली बाज आमच्या दाराला आडवी टाकली होती आणि तिच्यावर ते झोपायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, वारं फिरलं, तेव्हा आप्पांनी आपली बाज त्यांच्या दाराला आडवी टाकली. आप्पांना घोरायची सवय होती. चाचा म्हणायचे, "दंगे से नै डरा मैं, तेरे घोरने से डर गया." या गोष्टीवर ते दोघं वर्षानुवर्षं हसत आले होते.

आता महाराजांचं सांगते. आम्ही त्यांना नुसतं महाराज म्हणायचो, मीही तेवढंच म्हणेन. गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, काठी त्यांचा मठ होता. दर वर्षी चातुर्मास लागला की ते शहरात यायचे आणि काही दिवस आमच्या माडीवर उतरायचे. मला ते फार आवडायचे, हे लपवून काय उपयोग? त्यांच्या अंगाला चंदनाचा आणि जुन्या पोथीचा वास यायचा. बोलायचे इतकं हळू, की ऐकणाऱ्याला आपोआप पुढे झुकावं लागायचं. आणि झुकलं की माणूस झुकलेलाच राहायचा. बंडूला विषमज्वर झाला होता तेव्हा महाराजांनी अंगारा पाठवला आणि बंडू उठला. त्याच वेळी डॉक्टरांचं औषधही चालू होतं, पण आमच्या घरात डॉक्टरांचं नाव कोणी घेतलं नाही. तेव्हापासून आत्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "बंडू महाराजांनी दिलेला आहे." लहानपणी मला वाटायचं, मग माझं काय? मी कोणी दिली?

महाराज कोणाला काही भाग पाडायचे नाहीत. नुसतं 'हूं' म्हणायचे किंवा 'ऊंहूं' म्हणायचे. पैठण गेटाजवळच्या एका घरात मुलीचं ठरलेलं लग्न त्यांच्या एका 'ऊंहूं'ने मोडलं होतं. का मोडलं हे त्या मुलीने विचारलं, तिच्या आईने विचारलं, तर सगळ्यांनी त्यांनाच गप्प केलं. गुरूला 'का' विचारायचं नसतं. ती मुलगी पुढे कधी कधी आमच्याकडे निवडणं-टिपणं करायला यायची. सुपातले खडे वेचता वेचता ती मान वर करून माडीच्या जिन्याकडे बघत बसायची, ते मला आठवतं.

तर त्या वर्षी महाराजांनी एक नवीन गोष्ट काढली. गुरू शिष्याच्या कानात मंत्र देतो, तसं शिष्याने गुरूच्या कानात आपलं आवडतं वाहायचं. म्हणजे आपल्याला जे आवडतं ते महाराज पुन्हा येईपर्यंत, वर्षभर, सोडायचं. काय सोडलं ते दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. झालं, सगळ्या बोळात कुजबुज सुरू झाली. आता तुम्हीच सांगा, आपल्या लोकांना हे काय नवीन आहे? काशीला जाऊन पडवळ सोडून येणारी माणसं आपण. कोंडाबाईला गुपित कधीच पचलं नाही. ती दुसऱ्याच दिवशी दूध मापता मापता आईला म्हणाली, "म्या कारलं सोडलं बघा बाई. मला न्हाय तरी कुठं ग्वाड लागतंय त्ये?" आत्याने दोडका सोडला असणार, कारण त्या वर्षी दोडका आला की तिच्या चेहऱ्यावर भक्तिभाव यायचा. बहुतेक सगळ्यांनी असंच काहीतरी केलं होतं आणि देव काय रागावला नसता. महाराजही रागावले नसते. हा सगळा खेळ आहे हे सगळ्यांना मनातून माहीत होतं, एका माणसाला सोडून.

वाहायच्या त्या दिवशी माडीवर उदबत्तीचा धूर पडद्यासारखा लोंबत होता. खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन तिरपं आलं होतं आणि त्यात धुराचे ढग हलत होते. मी आईच्या मांडीला टेकून पेंगत होते. महाराज म्हणाले, "जिभेला आवडतं ते काय कोणीही सोडील. जिवाला आवडतं ते द्यावं." असं ते सगळ्यांनाच म्हणाले असतील, पण आप्पांना वाटलं आपल्यालाच म्हणाले. आप्पा उठले. मान खाली, हात जोडलेले, अदालतीत साक्षीदार उभा राहतो तसे. महाराजांच्या कानाशी वाकले. महाराजांचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "उत्तम."

त्या संध्याकाळी समोरून हाक आली, "आजा दत्तू." आप्पा झोपाळ्यावर बसून राहिले. आईने वाट बघितली, मग विचारलं, "चहा सोडलात का हो?" आप्पांनी मान हलवली. आईने चहा टाकला, त्यांनी तो घेतला. मग पुन्हा हाक आली. आप्पांनी डोळे मिटून घेतले, आणि आईच्या हातातली बशी तशीच हातात राहिली. ती हळूच म्हणाली, "अगं बाई. तुम्ही हमीदचाचांना सोडलंत?"  ज्याने चहा सोडला नव्हता आणि ओटा सोडला होता, त्याने काय सोडलं हे कळायला आईला पंडित व्हायची गरज नव्हती.

ती खूप भांडली. मी तिला आप्पांशी तसं भांडताना पुन्हा कधी बघितलं नाही. "अहो, लोकांनी कारली सोडली! तुम्हाला माणूसच सापडला?" आप्पा म्हणाले, "त्यांनी जिवाला आवडतं म्हटलं. मी खोटं कसं सांगू?" आत्या देवघरातून ओरडली, "वहिनी, गुरूला दिलेलं माघारी घेऊ नये. बंडूला काही झालं तर?" बंडू तेव्हा दारात बसून चिंचोके खेळत होता. आईने त्याच्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. हे मला आजही सहन होत नाही. एका लेकराचा जीव तराजूच्या एका पारड्यात ठेवून दिला की दुसऱ्या पारड्यात काहीही ठेवा, आई गप्पच होणार.

हाका काही दिवस आल्या. मग हाकेऐवजी नुसतं खाकरणं यायचं. मग तेही बंद झालं. माग मात्र चालू होता, पण त्याचा ताल बदलला होता, मध्येच फार वेळ थांबायचा. श्रावण गेला, भाद्रपद गेला, सीताफळं आली. दर वर्षी पहिली टोपली समोरून यायची, त्या वर्षी आली नाही. ते दिवस असे होते की समोरच्याने बोलणं बंद केलं तर का केलं, हे विचारायची कोणाला गरज वाटायची नाही. ज्याने त्याने आपापलं उत्तर धरलेलंच असायचं. शहरातली कितीतरी घरं हैदराबादला, काही त्याहून लांब निघून जात होती. खालांचे भाऊ हैदराबादला होते, ते बोलावत होते. चाचांचा पाय निघत नव्हता.

दिवाळीच्या थोडं आधी एका सकाळी चाचा स्वतः आमच्या दारात आले. आत आले नाहीत. धुवट शेरवानी घातलेली, जणू लग्नाला निघालेत. आप्पा झोपाळ्यावर होते. चाचा म्हणाले, "दत्तू, एकच बात पूछनेकू आया. सालेसाब बुलारे हैदराबाद. जाऊं के रहूं? तू रह बोला तो रहता मैं."

झोपाळ्याची कडी करकरली आणि थांबली. आप्पांचे ओठ हलले. मी देवाशप्पथ सांगते, हलले. पण आवाज आला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खाली फरशीकडे बघत होते. आई दाराआडून बाहेर आली. पदर सारखा करून म्हणाली, "चाचा, जाऊ नका हो. यांचं व्रत आहे. महाराजांना शब्द दिलाय, म्हणून बोलत नाहीत."

चाचांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, दमलेल्या माणसाने बघावं तसं. "ये कैसा व्रत है भाभी, जो मेरेसेच बात नै करने देता?" मग जरा थांबून म्हणाले, "आप रोके, मेहेरबानी. पन पूछा तो मैं इसकू." आणि ते गेले. बोळ ओलांडायला कितीसा वेळ लागणार? मला मात्र ते अजून चालतानाच दिसतात.

त्याच दिवशी आप्पा मोटारीने मठात गेले. दिलेलं परत मागायला गेले होते, मग आपल्याला काय व्हायचं ते होवो असं आईला सांगून गेले होते. दुसऱ्या दिवशी आले ते हातात प्रसादाचा नारळ घेऊन. महाराज मौनात होते. मठाचे कारभारी नारोबा यांनी दारातच विचारलं, "काय वाहिलं होतं?" आप्पांनी सांगितलं नाही, कारण सांगायचं नव्हतं. नारोबा हसून म्हणाले, "अदालतीतले तुम्ही, गुरूवरबी अपील करता व्हय? जा घरी. दिलेलं देवाचं झालं." आप्पा घरी आले. बोळाच्या तोंडाशी चाचांचं सामान टांग्यात चढत होतं. आप्पा उंबऱ्यात उभे राहिले आणि टांगा सिटी चौकाकडे वळेपर्यंत उभेच होते. संध्याकाळी कोंडाबाई पितळी पेला घेऊन आली. खालांनी चिंचेने घासून तो लख्ख केला होता, आत नवी कल्हई होती. कोंडाबाई म्हणाली, "लई रडत व्हत्या बाई. म्हनल्या, आमानत हाय, माघारी दे." आप्पांनी तो पेला घेतला आणि रुमालात बांधून पेटीत ठेवला.

पुढच्या चातुर्मासात महाराज आले. तोच धूर, तेच पिवळं ऊन, तोच चंदनाचा वास. गेल्या वर्षीचं सुटलं, आता नवीन वाहायचं होतं. रांगेत आप्पांचा नंबर आला. महाराज प्रसन्न होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाले, "काय दत्तात्रय, मागच्या साली काय वाहिलं होतंस रे? पडवळ ना?"

माडीभर हसू पसरलं. महाराजांनी थट्टा केली की हसायचं असतं. आप्पा हसले नाहीत. ते कानाशी वाकले नाहीत, ताठ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "हमीद."

"काय?"

"माझा मित्र. समोर राहायचा. तुमच्या कानात सांगितलं होतं. तुम्ही उत्तम म्हणालात."

महाराजांनी नारोबांकडे बघितलं. नारोबांनी भिंतीकडे बघितलं. महाराजांच्या चेहऱ्यावर खरोखरीच गोंधळ होता. ते सोंग नव्हतं, त्यांना काहीही आठवत नव्हतं. ते अगदी मायेने म्हणाले, "अरे वेड्या, माणूस का कोणी सोडतं? मला विचारायचंस."

"आलो होतो विचारायला. तुम्ही मौनात होता. दारातून परत पाठवलं."

"दादा, परीक्षा होती ती!" आत्या मागून कळवळून म्हणाली. "महाराज परीक्षा घेत होते तुझी!"

आप्पांनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. "अदालतीत एखाद्याचं घर उठलं तर कोणाच्या हुकमाने उठलं, हे विचारता तरी येतं," ते म्हणाले.  "मी तो तुम्हाला दिला होता, महाराज. कुठं ठेवलात?"

एवढा वेळ अर्धवट झोपेत असल्यासारखी ती माडी पहिल्यांदा जागी झाली, असं मला वाटलं. महाराजांच्या हातातलं फूल खाली पडलं. त्यांनी नारोबांकडे पाणी मागितलं, दोन घोट घेतले. आप्पा थांबले, उत्तराची वाट बघत.  मग ते जिना उतरून खाली गेले. त्यांच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ घाईने पुढे झाले आणि महाराजांच्या कानात काहीतरी बोलले. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "उत्तम."

मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. ढोंगी माणसाने निदान हिशोब लक्षात ठेवला असता. इतक्या माणसांची आयुष्यं मांडीवर घेऊन बसायचं आणि कोणाचं कुठलं ते आठवायचंही नाही, याला काय म्हणायचं ते मला या वयातही कळलेलं नाही, पण राग मात्र येतो, भाजीला बसले असले तर हातातली विळी बाजूला ठेवावी लागते इतका. परवा सुनेने फोनवर कुठल्याशा बाबांचं प्रवचन लावून दिलं. बोलत होते फार गोड. मी म्हटलं, बंद कर बाई, मला झोप येतेय, आणि या आवाजावर मी एकदा झोपलेली आहे.

त्या दिवशी खाली स्वयंपाकघरात आई आणि मी गेलो तेव्हा आप्पा पेटी उघडून बसले होते. पितळी पेला त्यांनी रुमालासकट पिशवीत टाकला आणि काचीगुड्याच्या, म्हणजे हैदराबादच्या, गाडीची वेळ काय हे आईला विचारलं. आईने काही न विचारता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बंडूला अंगणातून उचलून तिने एकदा पोटाशी धरलं आणि खाली ठेवलं. तो पुन्हा खेळायला पळाला. त्याला काही झालं नाही. पुढे तो चांगला ढेरपोट्या इंजिनिअर झाला.

आप्पा चार-पाच दिवसांनी आले. कोट खुंटीला, टोपी कोटावर. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"भेटले का?"

"भेटला."

"सांगितलंत?"

"सगळं." आप्पा झोपाळ्यावर बसले. "आधी दारात नुसता बघत राहिला. मग हसला. म्हणाला, भाभी व्रत बोले तो मेरेकू बहाना लगा. मैं समझा, दत्तू के और मेरे बीच में जमाना आगया. ये तो एक बाबा निकला." आप्पाही हसले, पण हसू पुरतं झालं नाही. "मग आम्ही दोघंही रडलो, म्हाताऱ्या बायांसारखे."

"परत येतात का?"

आप्पांनी मान हलवली. माग विकला होता, मुलीचं तिथेच ठरलं होतं. समोरच्या घरात तोवर पिठाची गिरणी आली होती, तिचा पट्टा दिवसभर फडफडत असायचा.  आईने पिशवी ओढली आणि ती सामान काढायला लागली. धोतर, टॉवेल, दशम्यांचं रिकामं फडकं. तिने पिशवी उलटी करून झटकली.

"अहो, पेला कुठाय? गाडीत राहिला का काय?"

"नाही," आप्पा म्हणाले. "खालांच्या कोनाड्यात आहे."